पाणी दाखवण्याची शीळ

परीक्षेचं हॉल तिकीट आणि हॉस्टेलच्या जिन्यातली पाण्याची पाटी दरवर्षी साधारण एकाच आठवड्यात लागतात. यंदाही तसंच झालं. ‘पाणी सकाळी सहा ते सात’ असं वॉर्डन मॅडमनी खडूनं लिहिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली. मुली पाटी वाचून बादल्यांचं बोलायला लागल्या. मी मात्र जिन्यातच थोडा वेळ उभी राहिले.

धाराशिवात चैत्राचं ऊन तापायला लागलं की माझं अभ्यासात लक्ष लागत नाही. पुस्तक उघडं असतं आणि कान भलतीकडं असतात. सहाच्या आधी नळाला नुसती हवा येते, पाणी मागून येतं. ती हवा नळातून बारीक आवाज करत निघते आणि मला आमच्या आप्पांची शीळ ऐकू येते. खोलीतल्या मुलींना मी हे सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे का, हेही मला नीट कळत नाही. आमच्या घरात कॉलेजला आलेली मी पहिलीच. इथं काय बोलायचं असतं आणि काय नसतं, याचा अंदाज अजून येत नाही. म्हणून लिहून बघते.

आमचं गाव येरमाळ्यापासून आत आहे. मोठ्या रस्त्यावर उतरलं की दोन मैल चालावं लागतं, दोन्ही बाजूंना माळ. आप्पा म्हणजे माझे वडील. आमच्याकडं मेंढरं होती. फार नाहीत, चाळीसच्या वर आणि पन्नासच्या आत. काळी, काही तांबूस, आणि एक बांडी, म्हणजे काळ्या अंगावर पांढरे चट्टे असलेली म्हातारी मेंढी. बांडी पुढं चालली की बाकीची तिच्या मागं चालत. आप्पा म्हणायचे, “मी काय राखतोय, बांडीच राखती. मी तिचा गडी.”

आमच्याकडं जनावरांना पाणी पाजत नाहीत, दाखवतात. “मेंढरांना पाणी दाखवलं का?” असंच विचारतात. लहानपणी मला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. कॉलेजात सरांनी जनावरांच्या आहाराचा धडा शिकवताना फळ्यावर लिहिलं, एका मेंढीला दिवसाला इतकं लिटर पाणी. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि कॉलेजातल्या पहिल्याच दिवाळीच्या सुट्टीत आप्पांना वाचून दाखवलं. ते हसले.

“लिटरानं पाजायला ती काय दवाखान्यात हायत व्हय? आपलं काम दाखवायचं. प्यायचं का न्हाय ते त्यांच्यावर.”

“आणि नाही प्यायली तर?”

“तर आपलं दाखवणं चुकलं.”

दाखवण्यात शीळ असायची. दोन बोटं तोंडात घालून मारतात तसली नव्हे, ती कुत्र्यासाठी. ही शीळ हलकी, लांब, एका सुरात जाणारी आणि शेवटी थोडी खाली उतरणारी. मेंढरं डोणीजवळ आली, म्हणजे आमच्या दगडी कुंडाजवळ, की आप्पा काठी टेकवून उभे राहायचे आणि शीळ सोडायचे. ती चालू असेपर्यंत माना खाली. दम घ्यायला ते थांबले की एखादी मान वर व्हायची, ओठांवरून थेंब गळायचे, आणि शीळ पुन्हा सुरू झाली की मान पुन्हा खाली. शिळेमुळं मेंढरं जास्त पितात का, हे मी सरांना विचारलं होतं. सर म्हणाले, सवयीचा भाग असेल. असेल. मला एवढंच माहीत आहे की त्या वेळी आमच्या मेंढरांच्या वाड्यात ढकलाढकली नसायची, आणि मागची मेंढी आपली पाळी येईल या भरवशावर उभी असायची.

पाण्याचा हिशोब आमच्या घरात ऋतूंप्रमाणं बदलायचा. पावसाळ्यात पाणी दाखवण्यापेक्षा लपवायचं काम जास्त. माळावर जागोजाग डबकी साचायची आणि आप्पा मेंढरांना त्यांच्यापासून हाकलत फिरायचे. साचल्या पाण्यातून पोटात रोग जातो, गळ्याखाली सूज येते, मेंढरू बसलं की उठत नाही. सगळीकडं पाणी आणि आम्ही मात्र त्यांना ओढ्याच्या वाहत्या पाण्यापर्यंत चालवत नेणार. ओढा भरून वाहायला लागला की एक दिवस मेंढरं धुवायची. आप्पा कमरेएवढ्या पाण्यात उभे, माय काठावरून एकेक मेंढरू त्यांच्या हातात द्यायची, आणि लोकरीतून गढूळ पाण्याचा लोट निघायचा. मग कातरणी. ती लोकर न्यायला पूर्वी घोंगडीवाले यायचे. नंतर कुणी येईना. आप्पा तरीही धुवायचे. “मळकं मेंढरू कातरायचं म्हंजे तोंड न धुता जेवायला बसायचं,” म्हणायचे. कातरलेली लोकर बांधाच्या कडेला टाकून द्यायची. ती तिथं पावसात भिजून काळी पडायची.

हिवाळ्यात मेंढरं पाणी मागायची नाहीत. दवानं भिजलेलं गवत खाल्लं की त्यांचं भागायचं. आप्पा दुपारी, पाणी उन्हानं कोमट झाल्यावर, एकदाच दाखवायचे. त्या दिवसांतली शीळ आळसावलेली असायची, मध्येच तुटायची. बांडी दोन घोट घेऊन उन्हात उभी राहायची.

उन्हाळा वेगळा. उन्हाळ्यात आमचं सगळं घर त्या डोणीभोवती फिरायचं.

गेल्या वर्षी परीक्षा संपवून मी वैशाखात घरी आले तेव्हा आप्पा ओसरीवर तोंडाला पंचा बांधून बसले होते. मला वाटलं, दाढ दुखत असेल. त्यांनी पंचा काढला. तोंडाची डावी बाजू खाली ओघळली होती, डावा डोळा मिटत नव्हता. मायनं सांगितलं, येरमाळ्याची जत्रा उठली त्याच आठवड्यात तोंडावरून वारं गेलं.

“मला फोन का नाही केलास?”

“तुजी परीक्षा व्हती,” माय म्हणाली. “हेंनीच नको म्हणले.”

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं होतं की तोंडाची नस सुजली आहे, तोंड बहुतेक परत सरळ होईल, दोन-चार महिने लागतील. आरशात बघून गाल फुगवायचे, फुगा फुगवायचा, शीळ घालायचा प्रयत्न करायचा. मायनं जत्रेतल्या दुकानदाराकडून फुग्यांची पुडी आणली होती. लाल फुगा आप्पांच्या ओठांत धरलेला असायचा आणि डाव्या कोपऱ्यातून हवा निघून जायची. ओठ मिटत नसल्यामुळं त्यांना ‘प’ म्हणता येत नव्हता. पाणी म्हणायला गेले की ‘फाणी’ निघायचं. मला आधी हसू आलं. आप्पाही हसले, अर्ध्याच तोंडानं.

मेंढरं अर्धवट पीत होती. आमच्या बोअरचं पाणी फाल्गुनातच गेलं होतं, ओढा त्याच्याही आधी. डाळिंबाच्या बागेचे मालक तात्या आम्हाला त्यांच्या हौदातून पाणी भरू द्यायचे आणि त्या बदल्यात आमची मेंढरं त्यांच्या मोकळ्या रानात बसायची, लेंडीखतासाठी. हा व्यवहार माझ्या जन्माच्या आधीपासूनचा. पूर्वी तात्यांच्या मळ्यात पाट वाहायचे आणि मेंढरं पाटावरच प्यायची. आता ठिबक होतं. पाणी काळ्या नळ्यांतून जायचं, दिसायचं नाही. तरी हौद होता, म्हणून माझी माय डोक्यावरून घागरी आणून डोण भरायची. पण मेंढरं यायची, वास घ्यायची, दोन घोट घेऊन माना वर करायची आणि आप्पांकडं बघायची. आप्पा पंचा बांधून उभे. शीळ नाही. पुढची हटायची नाहीत, मागची घुसायची, डोणीतलं निम्मं पाणी पायांखाली सांडायचं. ज्या मातीत ते मुरायचं ती माती माय नुसती बघत राहायची.

“मिरगाफर्यंत,” आप्पा म्हणायचे. त्यांचं सगळं त्या एका शब्दावर होतं. मृग नक्षत्र लागेपर्यंत मेंढरं टिकली तर पुढं पाऊस आहे, गवत आहे, आणि तोवर तोंडही सरळ होईल. मी म्हणाले, “टिकवू आपण.” मी ते का म्हणाले, कशाच्या जोरावर म्हणाले, आता आठवत नाही. पण मी म्हणाले होते.

शेजारच्या दगडूमामांनी एकदा शीळ घालून बघितली. त्यांची शीळ सिनेमातली होती. निम्मी मेंढरं पळाली.

मग मला एक युक्ती सुचली. ढोकीला दिलेल्या माझ्या ताईच्या मोबाईलमध्ये एक व्हिडिओ होता. दोन वर्षांपूर्वी दाजींनी गंमत म्हणून आप्पांना पाणी दाखवताना चित्रित केलं होतं. ताईनं तो पाठवला. मी मोठ्या हुशारीनं मोबाईल डोणीच्या काठावर ठेवला, आवाज पूर्ण वाढवला आणि लावला. आप्पांची शीळ वाड्यात घुमली. सगळ्या माना एकदम वर झाल्या. बांडी पुढं आली, तिनं मोबाईल हुंगला, मग डोणीच्या पलीकडं गेली, मग परत आली. बाकीची तिच्या मागं. ती पाणी सोडून आप्पांना शोधत होती. आणि आप्पा तर तिथंच उभे होते, दहा पावलांवर.

“बंद कर बाई,” ते म्हणाले.

मी बंद केलं. त्यांनी पंचा पुन्हा बांधला. मग म्हणाले, “लई चांगली यायची की.” जणू दुसऱ्याच कुणाची तारीफ करत होते.

मला शीळ शिकवा, असं मी त्यांना म्हणाले. माय आतून म्हणाली, “पोरीच्या जातीनं शीळ घालायची?” आमच्याकडं मुलीनं शीळ घातलेली चालत नाही. का चालत नाही ते कुणी सांगत नाही, पण लहानपणी एकदा मी प्रयत्न केला होता तेव्हा शेजारच्या चंद्रकलाकाकूंनी माझ्या ओठांवर चापट मारली होती, हे मला चांगलं आठवतं.

आप्पांनी थोडा विचार केला. “माळावर शिकू,” म्हणाले. “घरात नगं.”

माळावर बाभळीखाली बसून आप्पा मला शीळ शिकवायचे. गुरूला स्वतःला येत नव्हती आणि शिष्येला लाज वाटत होती. ते डाव्या हाताच्या बोटानं स्वतःचा ओघळलेला ओठ वर धरायचे आणि फुंकायचे. नुसता वारा निघायचा. तोंडावरून वारं गेलं असं आमच्याकडं म्हणतात, आणि इथं तोंडातून वाराच तेवढा येत होता. हे मला तेव्हा सुचलं आणि सुचल्याबद्दल लाज वाटली.

“फुंकू नगंस,” ते सांगायचे. “शीळ फुंकायची नसती. सोडायची. गार फाण्याचा घोट तोंडात हाय आन तो हळू गिळायचाय, असं समज.”

आठवडाभर काहीच आलं नाही. ओठ फुटले, तोंडाला कोरड पडली. एक दिवस अचानक आली, बारीक, थरथरणारी, शेवटी खाली उतरणारी. आप्पा माझ्याकडं बघत होते. त्यांच्या उघड्या राहणाऱ्या डाव्या डोळ्यातून एरवीही पाणी यायचं, त्यामुळं ते रडले की नाही, मला सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोणीवर मी शीळ सोडली. चंद्रकलाकाकू कुंपणाच्या पलीकडं गोवऱ्या थापत होत्या.

“कोमल, कॉलेजात हेच शिकिवत्यात का गं?”

मी थांबले. आप्पा म्हणाले, “तू सोड. थांबू नगंस.” मी पुन्हा सोडली. बांडीनं कान हलवले, माझ्याकडं एकदा नीट पाहिलं आणि मान खाली घातली. मग दुसरीनं, मग तिसरीनं. माती कोरडी राहिली. माय दारात उभी राहून हात पुसत होती आणि तिचे हात केव्हाच कोरडे झाले होते.

ते चार-पाच दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, असं म्हणायला हरकत नाही. पहिल्यांदा माझ्या शिकण्याचा घरात उपयोग झाला होता. सेमिस्टरचे गुण आप्पांना कळत नाहीत. ही शीळ त्यांना कळत होती.

आणि ते मीच घालवलं.

त्या दुपारी मी एकटीच मेंढरं घेऊन तात्यांच्या बागेच्या बांधावरून येत होते. आप्पांना उन्हात बाहेर पडायला मायनं मनाई केली होती. मी आनंदात होते, एवढंच. विशेष काही कारण नव्हतं. चालता चालता माझ्या तोंडून शीळ निघाली. डोणीवर येते त्याहून चांगली निघाली, म्हणून मी आणखी सोडली. बागेत ठिबक चालू होतं. कान देऊन ऐकलं तर काळ्या नळीत पाणी सुरसुरताना ऐकू येतं.

मेंढरं थांबली. बांडीनं मान वर केली, मग बांधावरून खाली उतरली. मला वाटलं पाल्यावर गेली. तिनं नळी हुंगली. पाणी तिथं होतं, हे तिला वासानं कळलं असेल आणि माझ्या शिळेनं पक्कं झालं असेल. तिनं नळी दातात धरली. बाकीची तिच्यावर लोटली. एकीच्या खुरात जोड अडकून निघाला आणि पाण्याची चिळकांडी उडाली. मग काय होणार. चाळीसवर मेंढरं त्या ओळीत घुसली. मी ओरडत होते, हाकलत होते, आणि ती शांतपणे पीत होती. एवढ्या दिवसांत ती इतकी शांतपणे प्यायली नव्हती. तीन ओळींच्या नळ्या तुटल्या. डाळिंबाची कोवळी फळं पायाखाली गेली.

तात्या आले तेव्हा मला वाटलं ते मारतील. ते बांधावर बसले आणि डोक्याला हात लावला. आमच्या घरी आले तेव्हाही आवाज चढवला नाही, आणि त्यामुळंच मला जास्त भीती वाटली.

“आप्पा, तुमी आमी लहानपणापासनं एकत्र हाव. पण हितनं पुढं मेंढरं माझ्या शिवारात नगं. हौदावर पण नगं. एकदा नळीचं पाणी कळालं त्यांना. आता ती ऐकणार न्हाईत.”

“व्हय,” आप्पा म्हणाले. “आता ऐकणार न्हाईत.”

तात्या गेल्यावर मी रडायला लागले. आप्पांनी मला बोल लावला नाही. एकेक अक्षर ओठावर बोट धरून जुळवत ते म्हणाले, “शीळ म्हंजे फाणी हाय असं सांगणं असतं. डोण भरलेली असंल तवाच सोडायची. वाटंनं चालताना सोडायची नसती. हे मी तुला सांगाया फायजे व्हतं. माझ्या ध्यानातच आलं न्हाय, कुणाला हे म्हाईत नसंल म्हणून.”

हे वाक्य माझ्याजवळ राहिलं आहे. त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. ते त्यांना माहीतच होतं. आणि मला कॉलेजातलं सगळं सांगून कळत होतं, म्हणून न सांगितलेलं असं काही असतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. गावात टँकर यायचा, दोन दिवसाआड. बायकांच्या रांगेत माय घागरी घेऊन उभी राहिली की मागून कुणीतरी म्हणायचं, “माणसाला न्हाय तिथं मेंढराला?” त्यांचं चुकत नव्हतं. आमच्या घराला आलेलं पाणी आम्ही तिघं अर्धं पिऊन अर्धं डोणीत ओतायचो. डोणीचा तळही भिजायचा नाही. मी शीळ आवळून धरायचे. मेंढरं माझ्या तोंडाकडं बघत उभी राहायची. आता मला शीळ येत होती आणि सोडायला पाणी नव्हतं. येडशीच्या बाजूला रानात एक झरा आहे असं कुणी सांगितलं म्हणून आप्पा आणि मी एक दिवस बसनं जाऊन बघून आलो. झरा होता, माकडं पीत होती. पण तिथवर चालवत नेली असती तर मेंढरं वाटेतच संपली असती. परतताना आप्पा खिडकीशी बसले होते, वारं लागू नये म्हणून चांगली बाजू काचेकडं आणि वाकडी माझ्याकडं. कोकरं आधी गेली, दोन. मग एक गाभण मेंढी.

मृगाला बारा-तेरा दिवस होते. आप्पांनी व्यापाऱ्याला निरोप दिला.

मी म्हणाले, “आप्पा, बाराच दिवस.”

“मेंढराला बारा दिस सांगता येत न्हाईत, बाई.”

पिकअप सकाळीच आली. व्यापारी बाहेरगावचा होता, माणूस वाईट नव्हता, घाईत होता. ऊन चढायच्या आत निघायचं म्हणाला. मेंढरांना दोन दिवसांत पुरतं पाणी मिळालं नव्हतं आणि पुढं दिवसभराची वाट होती. आप्पा डोणीजवळ जाऊन उभे राहिले. डोण कोरडी. त्यांनी तिच्या काठावर हात ठेवला.

तेव्हा कुंपणावरून चंद्रकलाकाकू आल्या. डोक्यावर घागर, कमरेवर घागर. आदल्या दिवशीच्या टँकरचं पाणी, त्यांच्या घरचं. त्यांनी दोन्ही घागरी डोणीत ओतल्या, परत गेल्या आणि आणखी एक घेऊन आल्या. मग मायनं आमच्या घरातलं होतं नव्हतं ते आणलं, पिण्याच्या माठासकट.

व्यापारी म्हणाला, “आता कशाला पाजता? गाडीत समदं वलं करतील.”

आप्पांनी पंचा काढला. “फाजत न्हाय,” म्हणाले. “दाखवतोय.”

व्यापाऱ्याला ते कळलं की नाही, माहीत नाही. तो बिडी पेटवून बाजूला उभा राहिला. चार-दोन शेजारी गोळा झाले होते. दगडूमामा होते, त्यांची सून होती. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी काकूंकडं पाहिलं, लहानपणापासूनच्या सवयीनं.

“घाल की,” काकू म्हणाल्या. “आता कुणाची लाज धरतीस.”

मी शीळ सोडली. सगळ्यांदेखत, लांब, शेवटी खाली उतरणारी. बांडी पुढं आली आणि तिनं मान खाली घातली. मग तिच्या शेजारची. पुढच्या पिऊन झाल्यावर बाजूला झाल्या आणि मागच्यांना जागा मिळाली. कुणी ढकलाढकली केली नाही. माझा दम संपत होता, डोळ्यांपुढं अंधारी येत होती, पण मी थांबले नाही, कारण थांबले की माना वर होणार आणि मग त्या मला बघणार. डोण रिकामी होईपर्यंत त्या प्यायल्या. मग व्यापाऱ्याच्या माणसानं फळी लावली आणि बांडी स्वतःहून पुढं झाली. बाकीची तिच्या मागं गेली. त्यांना भरायला फार वेळ लागला नाही. इतकी गुणी मेंढरं बघितली न्हाईत, असं व्यापारी म्हणाला.

पाऊस मृगातही आला नाही. पुढं कधीतरी आला, मोठा आला, ओढा वाहिला. बांधावर टाकलेली जुनी लोकर त्यात वाहून गेली. बारा दिवस काढले असते तरी भागलं नसतं, असं दगडूमामा म्हणाले. ते समाधान म्हणून म्हणाले असतील.

गेल्या दिवाळीत मी घरी गेले तेव्हा आप्पांचं तोंड जवळजवळ सरळ झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते तसंच. डोळा मिटत होता. ओसरीवर बसून त्यांनी मला चहा दिला, आणि कप ओठांना लावताना काही सांडलं नाही. संध्याकाळी ते परसात भांडं विसळत होते. बोअरला पाणी आलं होतं, नळी चालू होती, आणि त्यांच्या तोंडून शीळ निघाली. पूर्वीसारखी. एका सुरात, शेवटी खाली उतरणारी. माय चुलीपुढून उठून दारात आली आणि तिनं वाड्याकडं पाहिलं. वाड्यात गवत वाढलं होतं. आप्पांना आपण शीळ घालतोय हे तिच्या येण्यानंच कळलं असावं. ते थांबले. भांडं पालथं घालून आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा ते मला मोठ्या रस्त्यापर्यंत सोडायला आले. मला एक विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता. बस लांबून दिसायला लागली तेव्हा मी विचारलं.

“आप्पा, गाडी आली त्या दिवशीची शीळ खोटी होती का?”

बस थांबली, कंडक्टरनं दार उघडलं. आप्पांनी माझी पिशवी वर दिली.

“पाणी तर व्हतं की, बाई,” ते म्हणाले.

‘प’ अगदी स्वच्छ आला होता.